गाठींची सुतळी

गिरिधर परतूरकर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसे. त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता, नोकरीच तशी होती. तो सरकारी मोजणीदार. बांधावर उभा राहून सख्खा भाऊ छातीवर हात ठेवून सांगायचा, की हद्दीचा दगड आमच्या आज्यापासून इथंच आहे. आणि साखळी ताणली की कळायचं, दगड मागच्या उन्हाळ्यात चार हात सरकलाय. गिरिधरने रडणारे पाहिले, पाया पडणारे पाहिले, साहेब शाकाहारी आहेत का हे न विचारताच कोंबडा कापणारेही पाहिले. साखळी कुणाच्या घरी जेवत नाही, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना जरा जास्तच ताठ व्हायचा. माणूस सरळ होता, पण आपण सरळ आहोत हे त्याला फार आवडायचं.

१९८१ साली जालना जिल्हा झाला आणि गिरिधर बदली होऊन शहरात आला. नव्या जिल्ह्याला नवे साहेब आले, साहेबांसाठी क्लब आला आणि क्लबात कुठूनसं एक जुनं बिलियर्डचं टेबल आलं. क्लबाच्या जागेची मोजणी करायला गेलेल्या गिरिधरने खिडकीतून ते पहिल्यांदा पाहिलं. हिरवा कपडा, सहा पॉकेटं, आणि हाताशी असलेला बॉल हुकवून काठीला शिव्या देणारे एक साहेब. चौकोनाच्या चार कडा आणि त्यात कोन, एवढंच तर होतं ते. आपल्या कामाचंच काहीतरी या मंडळींनी गंमत म्हणून मांडलंय, असं त्याला वाटलं. क्लबाच्या सेक्रेटरीला त्याने गळ घातली आणि साहेब लोक घरी गेले की तासभर खेळायची मुभा मिळवली. त्या तासाची त्याला पुढे चटकच लागली.

त्या दिवसांत घरी त्याचे वडील होते, श्रीपती मास्तर. आंधळे. मोतीबिंदू जास्त पिकला आणि डोळे गेले, असं घरात सगळे धरून चालले होते. नीट तपासलं कुणीच नव्हतं. चाळीस वर्षं फळ्यावर सुंदर अक्षर काढणारा माणूस ताटातली भाजी बोटांनी शोधायचा. गिरिधरची बायको उमा तांब्या रोज एकाच जागी ठेवायची, पण कधी पाहुण्याने हलवला की मास्तर पाणी ग्लासाबाहेर ओतायचे आणि ओल्या लुगड्याची, धोतराची, जमिनीची माफी मागत बसायचे. ती माफी गिरिधरला ऐकवत नसे. तो उठून बाहेर जायचा. मास्तर चौऱ्याऐंशी साली गेले, पण ग्लासाबाहेर पडणाऱ्या पाण्याचा आवाज त्याच्या कानातून गेला नाही. आपलंही असंच होणार का, हे त्याने कधी कुणाला विचारलं नाही. विचारायलाही तो भीत होता.

कारभारी त्याच्या आयुष्यात आला तो हसनाबादच्या एका बांधावर. कारभारी तिथला चांगला वीस एकरवाला कुणबी, शेजाऱ्याशी बांधावरून भांडण. गिरिधरने साखळी टाकली आणि निकाल कारभाऱ्याच्या विरोधात गेला. त्याच्या बापानेच कधीतरी शेजाऱ्याची पट्टी कोरून घेतली होती. गाव जमलेलं होतं. आता हा मोजणीवाल्याच्या अंगावर जाणार असं सगळ्यांना वाटलं. कारभारी मोजलेल्या रेषेकडे बघत उभा राहिला, मग म्हणाला, "साहेब, बराबर हाय. आमच्या बापानं खाल्लं आसंल तर आमी ओकू." आणि स्वतःच्या हाताने दगड मागे लावला. त्या दिवसापासून तो गिरिधरचा माणूस झाला. जालन्याला आला की शेंगा, हरभरा, काहीतरी घेऊन घरी यायचा, वहिनींच्या हातचा चहा प्यायचा आणि गिरिधरसोबत क्लबात जाऊन कोपऱ्यात बसायचा. गिरिधर बॉल मारायचा, हा बॉल उचलून परत मांडायचा. साहेबाने वाकू नये, ही त्याची समजूत. गिरिधरने हसत दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

पंचाण्णव साली कारभाऱ्याने शेती धाकट्या भावावर सोपवली आणि जुन्या मोंढ्याजवळच्या एका सरकीच्या गोदामात पूल टेबलांचं दुकान टाकलं. पुण्याहून दोन टेबलं आणली. पोरं तुटून पडली. ट्रकची बॉडी बांधणारे, बियाण्याच्या कंपनीतले, कॉलेज बुडवणारे. जो तो आपल्याला शहरातला पहिला खेळाडू समजत होता. कालच्या डावात कोण जिंकलं, कुणाला लाईट आडवा आला, कुणाचा बॉल नशिबाने पडला, यावर तासन्‌तास वाद. गिरिधरला हे सहन होण्यासारखं नव्हतं. बांधावरची भांडणंच ही, फक्त चहा जास्त.

त्याला शिकवणारा जुना मोजणीदार नव्या पोरांची परीक्षा घ्यायचा ती एका माहीत असलेल्या शेतावर. शेताचं माप आधीच पक्कं; पोराने मोजून आणायचं; फरक पडला तर चूक शेताची नाही, पोराची. गिरिधरने तेच टेबलावर आणलं. दहा फटके ठरवले. लांबून सरळ मारायचा, बॉलच्या कडेवर मारून तो तिरका घालवायची डावी काट, तशीच उजवी काट, कडेला चिकटलेला बॉल, ज्याने मारतात तो पांढरा बॉल मारून जागीच थांबवायचा, मारून मागे ओढायचा, असे. प्रत्येक फटका दहा वेळा, बॉल पडला आणि पांढरा ठरल्या जागी थांबला तरच एक गुण. शंभरापैकी. समोर प्रतिस्पर्धी नाही, नशीब नाही, आरडाओरड नाही. बॉल कुठे ठेवायचे त्या जागांवर फायलीतल्या कागदाच्या भोकांना लावतात त्या गोल चकत्या चिकटवायच्या. आणि त्या जागा चुकू नयेत म्हणून त्याने एक सुतळी केली, मेण लावून घट्ट वळलेली, मोजून गाठी मारलेली. आधी एका कोपऱ्यातून ताणायची, मग दुसऱ्या कोपऱ्यातून, आणि गाठींपाशी ओढलेल्या चॉकच्या रेषा जिथे एकमेकींना कापतील तिथे चकती. टेबल झाडलं की चकत्या निघून जायच्या. दर वेळी नव्या लावायचं काम कारभाऱ्याचं. सुतळी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असायची. पोरं या परीक्षेला 'मोजणी' म्हणायला लागली आणि गिरिधरला 'सर'.

पहिल्याच मोजणीत अर्धी शान उतरली. रामकिसन नावाचा वेल्डर सगळ्यांना हरवायचा. त्याला पडले एक्केचाळीस. चिडून त्याने चॉक भिंतीवर आपटला. गिरिधरने त्याला गुण लिहायच्या फळ्यापाशी नेलं आणि दहा आकडे दाखवले. "हे बघ. काट तुझी चांगली आहे. लांबचा सरळ बॉल दहात एक. तू लांबचा बॉल घ्यायची वेळच येऊ देत नाहीस, म्हणून जिंकतोस. ज्या दिवशी समोरचा येऊ देईल त्या दिवशी संपलास." रामकिसनने महिनाभर दुसरं काही केलं नाही, लांबचा सरळ बॉल मारला. पुढच्या मोजणीत त्या फटक्याला पाच आले. पाचाचे सात झाले. वर्षभरात तो एकसष्टवर गेला आणि मग त्याला हरवणं शहरात कुणाला जमेना. आता मोजणीवर कुणी हसत नव्हतं. दर महिन्याला फळ्यासमोर दहावीच्या निकालासारखी गर्दी व्हायची.

गिरिधर स्वतःची मोजणी महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी घ्यायचा, दुकान उघडायच्या आधी. फक्त तो आणि कारभारी. कारभारी आधीच येऊन झाडून, चकत्या लावून तयार असायचा. गिरिधरचा आकडा सत्तरच्या आसपास, कधी वर, कधी थोडा खाली. घरी आल्यावर तो तो आकडा उमाला सांगायचा, ब्लडप्रेशर सांगावं तसा.

अठ्ठ्याण्णवच्या शेवटी त्याच्या दुचाकीने मंठा चौफुलीवर एका हातगाडीला धक्का दिला. गाडी डावीकडून आली ती दिसलीच नाही, तो म्हणाला. मग दाराच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या. पायरी चुकायला लागली. उमाने हे सगळं मनात नोंदवलं होतं. सासऱ्यांचं तिनेच तर केलं होतं. एके दिवशी जेवताना त्याने वाटी डाव्या बाजूला असताना ती मागितली. उमाचा घास हातातच राहिला.

"औरंगाबादला जाऊ. डोळे दाखवू," ती म्हणाली.

"काय झालंय डोळ्यांना? पेपर वाचतो मी. चष्मासुद्धा बदललेला नाही."

"मामंजीसुद्धा पेपर वाचायचे. शेवटपर्यंत नाही, पण बरेच दिवस वाचायचे."

तो संतापला. मास्तरांचं नाव काढायला नको होतं. पण संताप ओसरल्यावर त्याने एक गोष्ट केली, त्याच्या स्वभावाला शोभणारी. "हे बघ उमा," तो म्हणाला, "डोळा बिघडला तर सगळ्यात आधी टेबलावर कळेल. केसभर चुकलं तर बॉल पडत नाही. माझी मोजणी साठच्या खाली आली, तर दुसऱ्या दिवशी औरंगाबाद. शब्द." उमाला ते पटलं नाही, पण नवऱ्याने शब्द दिला, आकड्याने दिला, आणि आकडा तो मोडणार नाही हे तिला ठाऊक होतं. नसल्यापेक्षा बरं, म्हणून ती गप्प बसली. हा शब्द त्या दोघांतच राहिला. बायकोला भिऊन डॉक्टरकडे जायची भाषा दुकानात कोण सांगणार?

मार्चच्या मोजणीत गिरिधरला त्रेसष्ट पडले. जवळचे फटकेसुद्धा हुकले. बॉल आणि पॉकेट एका नजरेत मावेना. एक बघावं तर दुसरं हरवायचं. तो काठी भिंतीला टेकवून बाकावर बसला, डोळ्यांवर तळवे दाबून. कारभाऱ्याने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

"वडिलांचं असंच सुरू झालं होतं," गिरिधर शेवटी म्हणाला. "कारभारी, मला त्यांच्यासारखं मरायचं नाही हो." साठच्या खाली आलं की जायचंय, हे त्याने सांगितलं नाही. तेवढंच राहून गेलं.

एप्रिलमध्ये त्याला एकोणसत्तर पडले. कडेचा बॉल, लांबचा बॉल, सगळे आज्ञेत असल्यासारखे जात होते. मधले दोन-चार हुकले, ते कुणाचेही हुकतात. गिरिधर पोरासारखा हसला. घरी जाताना जिलबी घेतली, दारातूनच आकडा सांगितला, आणि उमा देवापुढे साखर ठेवायला गेली. तिलाही खोटं वाटायचं काही कारण नव्हतं. तिने आठवडाभर स्वतःलाच दोष दिला, की आपण उगाच माणसाला घाबरवलं.

पुढची दोन वर्षं आकडा सदुसष्ट, एकाहत्तर, अडुसष्ट असाच राहिला. चौकटी लागतच होत्या. दुचाकी त्याने सोडली. गुडघे दुखतात, म्हणाला. संध्याकाळी कारभारी त्याला स्कूटरवरून घरी सोडायचा. उमाने विषय काढला की तो आकडा पुढे करायचा. वकिलाने कागद पुढे करावा तसा, आणि उमाची बोलती बंद. मनातून तिला वाटायचं, हा माणूस पेला उचलताना आधी चाचपतो, मग टेबलावर बॉल कसा मारतो? पण मोजणी खोटं कशी बोलेल? आयुष्यभर तिने त्याला दुसऱ्यांचं खोटं पकडतानाच पाहिलं होतं.

दोन हजार एकच्या जानेवारीत रामकिसन औरंगाबादला मोठ्या स्पर्धेत उतरला आणि सरांना सोबत घेऊन गेला. तिथल्या हॉलच्या मालकाने या मोजणीबद्दल ऐकलं होतं. त्याने आग्रह केला, एकदा करून दाखवा. गिरिधर सुतळी बरोबर घेऊनच गेला होता. रामकिसनने सुतळी ताणली, चकत्या लावल्या, अगदी गाठीवर, कारण त्याला दुसरं काही येतच नव्हतं. वीस-पंचवीस लोक भोवती उभे राहिले. कुणीतरी फळ्यावर नाव लिहिलं.

पहिले सहा बॉल गेले नाहीत. सातवा गेला. पुढच्या फटक्याला एकही नाही. लोक आधी शांत होते, मग एकमेकांकडे बघायला लागले, मग एकेक करून चहाला निघून गेले. चांगुलपणानेच गेले, पण गिरिधरला पावलांचे आवाज कळत होते. त्याने शंभरच्या शंभर बॉल मारले. मध्ये थांबला नाही. मोजणी अर्धी टाकायची नसते.

"किती?" त्याने विचारलं.

"सर, इथला लाईट बराबर न्हाई," रामकिसन म्हणाला. "कपड्यावर बॉल पन लई जोरात पळून राह्यलाय."

"किती?"

"एकोणीस."

परतीच्या बसमध्ये गिरिधर खिशात हात घालून सुतळीच्या गाठी एकामागून एक बोटांखालून काढत राहिला. बदनापूर मागे पडलं तेव्हा रामकिसनला वाटलं, सरांना अपमान लागलाय. सर अपमानाचा विचार करतच नव्हते. ते तेच करत होते जे त्यांनी तीस वर्षं केलं होतं. शेत तेच, मोजणीदार तोच, मापं दोन. मग कुठला तरी दगड हललाय.

रविवारी सकाळी तो नेहमीसारखा दुकानात गेला. कारभारी चकत्या लावून उभा होता. सुतळी सर घेऊन गेलेत, म्हणून त्याने चकत्या अंदाजाने लावल्या होत्या. म्हणजे आता त्याच्या हाताला अंदाजच पुरत होता.

गिरिधरने काठी घेतली नाही. खिशातून सुतळी काढली, चाचपत कोपरा धरला आणि ताणली. कारभाऱ्याचा चेहरा पडला तो गिरिधरला दिसला नाही. त्याने बोटाने गाठ धरली आणि दुसऱ्या हाताने कपड्यावर चकती शोधली. चकती गाठीपासून वीतभर आत होती, पॉकेटाच्या बाजूला. त्याने दुसरी मोजली. तिसरी मोजली. दहाही मोजल्या. एकेक करून सगळ्या पॉकेटांकडे सरकल्या होत्या. कुठली वीतभर, कुठली चार बोटं. मधल्या दोन मात्र जागच्या जागी. तेवढी अक्कल कारभाऱ्याने वापरली होती, सगळंच सोपं झालं तर संशय यायचा.

गिरिधरने सुतळी गुंडाळली. हात स्थिर होते.

"कधीपासून?"

"साहेब..."

"कधीपासून, कारभारी?"

"तुमी बाकावर बसल्ते ना, तव्हापासून. दोन वरीस झाले." कारभाऱ्याने एक चकती नखाने खरवडून काढली. "तुमी म्हनले, वडलासारखं मरायचं न्हाई. माझ्याच्यानं पाहवलं न्हाई, साहेब. म्या म्हनलं, मोतीबिंदूच हाय. आमच्या मायचा, गोजरबाईचा, पिकू दिल्ता. मंग शिबिरात काढला आन म्हातारी सुई ओवायली. तुमचा पन पिकंल, मंग काढतेल. तंवर साहेबाचा जीव काहून जाळायचा? तेवढ्यासाठी केलं. बिलकुल दुसरं काही न्हाई."

ज्या माणसाने भर गावात बापाची चोरी कबूल करून दगड मागे लावला, त्याच माणसाने हा दगड पुढे सरकवला होता. आणि शेतं सोडा, साऱ्या जिल्ह्यात हा एकच माणूस होता ज्याच्या हातावर गिरिधरने कधी साखळी टाकली नव्हती.

औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी तासभर तपासलं. एका डोळ्यात जवळजवळ काही उरलं नव्हतं. दुसऱ्याने नळीतून बघावं तेवढंच. मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू होता. हा पिकत नाही, काढताही येत नाही. गेलेलं परत येत नाही, फक्त उरलेलं थेंबांनी टिकवायचं असतं, आणि हे घराण्यात चालतं. वडिलांचं विचारून त्यांनी मान हलवली. "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर," त्या म्हणाल्या, आणि उमाचा चेहरा बघून पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. थेंब लिहून दिले. उरलेलंही फार दिवस टिकेल असं त्यांनी म्हटलं नाही.

कारभारी आठ दिवसांनी घरी आला. हातात हरभऱ्याच्या पेंड्या होत्या, नेहमीसारख्या. उमाने दारातच अडवलं. ती आवाज चढवणारी बाई नव्हती, तेव्हाही चढवला नाही.

"कारभारी भाऊ, त्या मार्चमध्ये ते त्रेसष्टावर आले होते ना? पुढच्या महिन्यात खरी मोजणी झाली असती तर ते साठच्या खाली आले असते. यांनी मला शब्द दिला होता. साठच्या खाली आलं की दुसऱ्या दिवशी डॉक्टर. तुम्ही त्यांना एकोणसत्तर दिलेत. आम्ही त्या दिवशी जिलबी खाल्ली."

कारभाऱ्याला हे माहीत नव्हतं. ते त्याला त्या क्षणी कळलं. तो मटकन उंबऱ्यावर बसला आणि कपाळ चौकटीवर आपटायला लागला. उमाला त्याची दया आली नाही. पुढे कधी तरी आली असेल. त्या दिवशी नाही. आतून गिरिधर म्हणाला, "उमा, येऊ दे त्यांना." तिने दार मोकळं केलं, पण चहा टाकला नाही.

नोकरी गेली, आजारपणाची निवृत्ती मिळाली. दोन हजार चारपर्यंत उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला. उमा तांब्या एकाच जागी ठेवायला लागली, पुन्हा. गिरिधरच्या हातून पाणी ग्लासाबाहेर सांडलं की तो माफी मागत नसे. दातावर दात दाबून बसायचा. उमा फडकं घेऊन खाली वाकायची आणि दोघंही मास्तरांबद्दल बोलायचं टाळायची.

पण महिन्याच्या पहिल्या रविवारी तो अजून दुकानात जायचा. कारभारी स्कूटर घेऊन यायचा. शहरात लोक म्हणायचे, बघा, केवढी दोस्ती. आंधळ्याला घेऊन जातो, खेळवतो. दोस्ती होतीच. पण त्या दुकानात दार लावून काय चालायचं, ते लोकांनी पाहिलेलं नव्हतं.

कारभारी एका चकतीवर बॉल ठेवायचा, "ठिवला, साहेब" म्हणायचा आणि मागे व्हायचा. गिरिधर टेबलाच्या कडेने हात फिरवत कोपऱ्याशी जायचा, खिशातली सुतळी काढायचा, ताणायचा, गाठ बोटांनी मोजायचा आणि बॉल गाठीवर आहे का ते चाचपून बघायचा. मग दुसऱ्या कोपऱ्यातून. दर बॉलला. कारभारी आता केसभरही चुकत नव्हता. पहिल्या महिन्यातच कळलं होतं ते. तरी गिरिधर मोजायचा, आणि कारभारी हात बांधून, मान खाली घालून, त्याचं मोजणं संपेपर्यंत उभा राहायचा. एकदा त्याने डोळे पुसत विचारलं होतं, "साहेब, आतातरी इस्वास ठिवा ना." गिरिधरने सुतळी ताणली होती.

मग तो वाकायचा, काठी पांढऱ्याला लावून दिशा आठवणीने धरायचा आणि मारायचा. बॉल टेबलाच्या कडेच्या कुशनला लागल्याचा आवाज यायचा. पॉकेटात पडल्याचा वेगळा असतो. तो यायचा नाही. दहा फटके, प्रत्येकी दहा. दुपार व्हायची.

"किती?" तो विचारायचा.

बाहेर दुकान उघडायची वाट बघणारी पोरं दारावर थापा मारत असायची.

"एक बी न्हाई, साहेब."

"फळ्यावर लिहा," गिरिधर म्हणायचा, आणि चॉकचा आवाज येईपर्यंत जागचा हलायचा नाही.